फाटेकरची अट

माझ्या मावसभावाने वयाच्या सव्विसाव्या वर्षी एक प्रमेय सिद्ध केलं होतं आणि मी ते भर सेमिनारमध्ये चूक ठरवलं. ते चूक नव्हतं. हे मला कळायला बावीस वर्षं लागली, आणि त्याला सांगावं की नाही हे ठरवायला आणखी तीन आठवडे. मी फटकळ आहे असं सगळे म्हणतात. विभागातले तरुण प्राध्यापक मला बघून जिना बदलतात, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. पण फटकळ माणसाचीसुद्धा जीभ एखाद्या जागी टाळ्याला चिकटते, आणि ती जागा त्याची त्याला चांगली ठाऊक असते.

त्याला सगळे फाटेकर म्हणायचे. आडनाव नव्हे हं, आडनाव वेगळंच. सरळ चाललेल्या बोलण्याला फाटे फोडायचा म्हणून फाटेकर. लहानपणी मावशीने हाक मारली, "सगळ्यांनी हात धुऊन या रे," की हा विचारणार, "ज्यांचे धुतलेले आहेत त्यांनीपण?" मावशी म्हणायची, "मेल्या, आधी तू धू!" माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, तेवढ्यावर मी त्याला दादा म्हणावं असा त्याचा हट्ट. मी मेले तरी म्हटलं नाही. एकच शाळा, एकच कॉलेज, आणि पुढे एकाच विभागात, एकाच सरांकडे दोघं संशोधनाला. विषय सूक्ष्म अर्थशास्त्र, त्यातही सर्वसाधारण समतोल. कुणी विचारलं की मावशी सांगायची, "दोघं मिळून बाजारभाव काढतात." ते ऐकून दूधवाल्याने एकदा फाटेकरला जिन्यात गाठलं आणि पुढच्या महिन्यात दुधाचा भाव वाढवू का म्हणून सल्ला विचारला.

तसं मावशीचं फार चुकत नव्हतं. बाजारात हजार माणसं, हजार वस्तू. प्रत्येकाच्या हातात एक आणि मनात दुसरंच. असे काही भाव असतात का, की त्या भावांना सगळ्यांचं एकाच वेळी जुळेल, एकही वस्तू कमी पडणार नाही की पडून राहणार नाही? असतात, पण काही अटी मान्य केल्या तर. त्यातली एक अट फार सोयीची आहे. प्रत्येक माणूस बाजारात येताना प्रत्येक वस्तू थोडी थोडी घेऊन येतो, असं धरून चालायचं. फळ्यावर ती एका ओळीत मावते आणि वरच्या वर्गातली मुलंसुद्धा ती मुकाट उतरवून घेतात. आमच्या वर्गानेही घेतली. फक्त हा उभा राहिला.

"सर, सगळं थोडं थोडं घरात असलेला माणूस मी तरी पाहिला नाही. माझ्याकडे दोन हात आहेत, बाकी काही नाही. मी ह्या प्रमेयात बसतो का?"

"नाही बसत," सर म्हणाले. "तुमच्यासाठी वेगळं करा."

वर्ग हसला. मी सगळ्यात मोठ्याने हसले. आणि ह्या बाबाने ते मनावर घेतलं.

अट उगाच नव्हती. समजा एखाद्याकडे एकच वस्तू आहे आणि तिचा भाव उतरत उतरत शून्यावर आला, तर तो भरल्या बाजारात रिकाम्या हाताने उभा राहतो, आणि तिथेच सिद्धता कोसळते. फाटेकरचं म्हणणं असं की प्रत्येकाकडे सगळं असण्याची गरज नाही. माझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाला तरी हवं असलं पाहिजे, त्याच्याकडचं तिसऱ्याला, असे बाण काढत गेलं की कुणाहीपासून निघून कुणाहीपर्यंत पोचता आलं पाहिजे. एवढं असलं की कुणाचाच हात रिकामा होत नाही. असं थोडंफार त्याच्या आधीही लोकांनी दाखवलं होतं. पण त्याने ते अशा माणसांसाठी करून दाखवलं ज्यांना सगळ्या बाजारांत शिरकावच नाही, दोन-चार ठिकाणीच विकता येतं. ते नवीन होतं, आणि अवघड होतं. चार वर्षं तो त्यामागे हात धुऊन लागला होता. त्याचा प्रत्येक कच्चा खर्डा आधी माझ्याकडे यायचा. मी लाल पेनने त्याची पिसं काढायची, तो डोकं खाजवत परत जायचा आणि आठवड्याने दुरुस्त करून आणायचा. "तू पास केलंस की देवाने पास केलं," असं म्हणायचा. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू.

त्या वर्षी विभागात एकच फेलोशिप होती आणि आम्ही दोघं होतो. घरात कुणी हा विषय काढत नव्हतं, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात तोच होता.

आमच्या विभागाच्या गुरुवारच्या सेमिनारची एक रीत होती. कुणी केली देव जाणे, पण सर ती कटाक्षाने पाळायचे. मांडणाऱ्याच्या प्रमेयाला कुणी उलट उदाहरण दिलं, की वाद घालायचा नाही. मांडणाऱ्याने उठायचं, स्वतःच्या हाताने फळा पुसायचा आणि खाली बसायचं. सर म्हणायचे, ह्याने माणसाला विनय येतो. कसला विनय! आला असेल कुणाला तर आम्हाला दिसला नाही.

फाटेकर त्या गुरुवारी दीड तास बोलला. छान बोलला. शेवटच्या खर्ड्याची तेवीस पानं त्याने मला आदल्या दिवशी दिली होती आणि मी ती निम्मीच वाचली होती. तो बोलत असताना मला वहीच्या मागच्या पानावर एक उदाहरण सुचलं. मी तीन माणसं घेतली होती. इथे दोघांवर आणून सांगते. एकाकडे कापड आणि तेल दोन्ही आहे, पण त्याला हवं आहे फक्त कापड. दुसऱ्याकडे, ह्या तेलवाल्याकडे, फक्त तेल आहे आणि त्याला दोन्ही हवं आहे. तेलाला काहीही भाव आला की पहिला आपलं तेल विकून आणखी कापड मागणार, आणि कापड तर सगळं आधीच त्याच्याकडे. तेल फुकट केलं तर दुसरा मागतच सुटणार. म्हणजे जुळणारा भावच नाही. आणि तेलाला गिऱ्हाईक आहे का? आहे की! कापडालाही आहे. मग अट पाळली गेली आणि समतोल मात्र नाही. प्रमेय खलास.

मी हात वर केला. फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात माणसांची वर्तुळं काढली, बाण काढले, पाच मिनिटांत सांगून झालं. सर खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "वा!" सर वर्षातून दोनदा वा म्हणायचे.

फाटेकरने माझ्याकडे पाहिलं. फळ्याकडे नाही, माझ्याकडे. मग उठला, डस्टर घेतलं आणि पुसायला लागला. आधी त्याची चार वर्षं, मग कोपऱ्यातली माझी वर्तुळंही. कुणी ती उतरवून घेतली नव्हती.

संध्याकाळी हॉस्टेलच्या नळावर मी हाताचा खडू धूत होते, आणि मला एकदम वाटलं, त्या तेलवाल्याचा बाण मी कुठे नेला होता? तेल हवंय कुणाला? त्यालाच. म्हणजे बाण त्याच्याकडून निघून त्याच्याकडेच... वही पिशवीत होती, पिशवी खांद्यावर होती. मी नळ बंद केला आणि जेवायला गेले. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरांनी फेलोशिप जाहीर केली, माझ्या नावाने.

ही चूक आमच्या धंद्यातलेच लोक करू शकतात. आमच्या पुस्तकात माणूस सकाळी आपलं सगळं बाजारात विकतो आणि संध्याकाळी त्यातलंच स्वतःचं परत विकत घेतो. खऱ्या आयुष्यात असं केलं तर लोक दवाखान्यात नेतील. पण वर्षानुवर्षं तेच लिहून आमची नजर अशी होते की गिऱ्हाईक आहे म्हटलं की आहे. तो मालाचा मालकच आहे हे दिसत नाही. फाटेकरच्या अटीत मात्र ते स्पष्ट होतं. माणूस दुसरा पाहिजे. माझ्या उदाहरणात ती अट पाळलीच गेली नव्हती, म्हणजे त्याच्या प्रमेयाला त्याने ओरखडासुद्धा उठत नव्हता.

सर त्याला म्हणाले, "अहो, दुरुस्त होईल, वेळ घ्या." पण ह्याच्यातली हवाच गेली. काका, म्हणजे त्याचे वडील, तेव्हा वर्षभर कामावर जात नव्हते, आणि बस डेपोत ड्यूटी लावणाऱ्या कारकुनाची जागा निघाली होती. दोन महिन्यांत तो तिथे चिकटला. कुणावर चिडला नाही, कुणाला बोल लावला नाही. विचारणाऱ्याला सांगायचा, "चूक निघाली हो. बहिणीनेच काढली. हुशार आहे ती." माझ्यादेखत सांगायचा, वर पुन्हा अभिमानाने. आणि मी काय करत होते? हसत होते.

पुढे मी शिकले, शिकवायला लागले, मॅडम झाले. सरांनी ते उदाहरण आठवणीतून आपल्या नोट्समध्ये घातलं. मी माझ्या नोट्समध्ये कधी घातलं नाही. का नाही, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारायच्या भानगडीत पडले नाही.

गेल्या वर्षी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला घरी आणायच्या दिवशी मी फाटेकरला घ्यायला डेपोत गेले. बावीस वर्षांत मी तिथे आत पहिल्यांदा पाऊल टाकलं, ह्याचीही लाज वाटली पाहिजे. वर्कशॉपच्या बाजूला एक लांब खोली, डिझेलचा वास, भिंतीवर आठवड्याच्या ड्यूट्यांचा तक्ता. शनिवार होता. शनिवारी ड्रायव्हर पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या आपसात बदलून घेतात, आणि तो बाजार हा चालवतो. टेबलावर पत्र्याचे बिल्ले, प्रत्येकावर ड्रायव्हरचा नंबर. ज्याला ज्याची ड्यूटी हवी त्याच्या बिल्ल्यापुढे आपला बिल्ला ठेवायचा. असं लावत लावत वर्तुळ बंद झालं, की त्या सगळ्यांची अदलाबदल पक्की.

"जरा बस, हे एवढं संपवतो," म्हणाला. चष्मा कपाळावर, बाह्या वर, तोंडाने पुटपुटणं चालू. दहा मिनिटांत त्याने सात जणांचं वर्तुळ जुळवलं. सात माणसं खूश होऊन गेली. मी बघतच राहिले. वर्गात मी जे दोन तास खडूने करते आणि मुलांना झोप येते, ते हा पत्र्याच्या तुकड्यांनी करत होता.

मग एक मिशीवाला ड्रायव्हर अडून बसला. त्याच्याकडे पहाटेची खाणीची फेरी. त्याला दोन दिवस ती नको होती, बदल्यात दुपारची शहरातली हवी होती. खाणीची घेणारं कुणी नव्हतं.

"घेणारा नाही कसा? मी आहे ना!" मिशीवाला म्हणाला. "बाकीचे चार दिवस मी आनंदाने चालवतो. मला आवडते ती फेरी. लिहा, मागणी आहे."

"अरे राजा," फाटेकर म्हणाला, "तुझी ड्यूटी तुलाच आवडते, त्याचं मी काय लोणचं घालू? आपला बिल्ला आपल्याच पुढे ठेवून वर्तुळ होतं का कधी? दुसरा कुणी घेणारा आण, मग बोल."

नळ, खडू, पिशवीतली वही, सगळं जसंच्या तसं समोर उभं राहिलं. मी फाटेकरकडे बघितलं. त्याला काहीच आठवलं नव्हतं. तो खाणीच्या फेरीसाठी दुसरं गिऱ्हाईक शोधत होता, आणि शेवटी कॅन्टीनमधून एकाला धरून आणलंच त्याने.

रविवारी दुपारी मी माळ्यावरची ट्रंक काढली. त्याची तेवीस पानं मी फेकली नव्हती. अकराव्या पानावर अट होती, खाली रेघ मारून. मी ती पानं त्या वेळी वाचायला हवी होती तशी आता वाचली, ओळ न ओळ, तीन दिवस. एके ठिकाणी एक पायरी कच्ची होती, ती दोन ओळींत भरता आली. बाकी सगळं बरोबर. सुंदर होतं हो. मी सव्विसाव्या वर्षी असं काही केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मनात आलं, उशिरा का होईना, त्याच्या नावाने छापू, माझी चूक जाहीर लिहू. म्हणून शोधायला बसले. नऊ वर्षांपूर्वी दूरच्या कुठल्या विद्यापीठातल्या दोघांनी अगदी हीच अट छापली होती. आता तिला त्यांच्या नावाने ओळखतात. म्हणजे मी त्याच्याकडे जाणार ते हात हलवत. तीन आठवडे मी स्वतःशी भांडले. सांगून त्याला काय मिळणार? न सांगून मी कोण होणार? शेवटी ठरवलं, निदान खरं तरी त्याचं त्याला द्यावं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी गेले. वहिनी आत कपड्यांना इस्त्री करत होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून बसल्या बसल्या त्याची पानं आणि माझं उदाहरण काढलेला कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. "तुझं बरोबर होतं. माझं उदाहरण चूक होतं."

त्याने चष्मा खाली ओढला. माझ्या कागदावरच्या बाणांवरून बोट फिरवत गेला आणि तेलवाल्यापाशी थांबला. "हा स्वतःकडेच येतोय की!" म्हणाला. आणि असा हसला, असा हसला, की मला तो शाळेतला दिसला. "अगं ऐकलंस का?" आत ओरडला. "माझं बरोबर होतं!"

"काय बरोबर होतं?" वहिनीने विचारलं.

तो पुन्हा पानांकडे वळला. "काही नाही. जुनं गणित आहे."

मग बराच वेळ तो ती पानं नुसती सारखी करत बसला. मी नऊ वर्षांपूर्वीचं सांगितलं, तेही लपवलं नाही. त्याने मान हलवली.

"हे मला कशाला सांगितलंस?" शेवटी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "चूक होतं म्हणून सोडलं, असं मी बाबांना सांगितलं, हिला सांगितलं. मीपण तेच मानत आलो. आपल्याला जमण्यातलं नव्हतं, वेळीच कळलं, बरं झालं. त्यावर माझं छान चाललं होतं गं. आता काय सांगू? जमलं होतं, आणि मीच पुसलं?"

"तू नाही, मी..."

"डस्टर माझ्या हातात होतं. एकदा वळून तपासायला काय झालं होतं मला? पण तू सांगत होतीस ना. तू म्हणालीस म्हणजे संपलं, असं वाटलं."

मी रडले. मी रडत नाही कधी, पण रडले. त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि मी पिईपर्यंत थांबला.

"एकच सांग मला," म्हणाला. "फळ्यापाशी उभी होतीस तेव्हा तुला खरंच वाटत होतं ना, की ते बरोबर आहे?"

"हो," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. फळ्यापाशी मला खरंच तसं वाटत होतं. संध्याकाळी नळावर काय वाटलं, ते त्याने विचारलं नव्हतं. मी एक श्वास घेतला. सांगायचं तर आत्ताच होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. "मनापासून चुकलेल्या माणसावर काय रागवायचं? मी नाही रागावलो तुझ्यावर. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

वहिनी आग्रह करत होती, पण मी जेवायला थांबले नाही. तो मला स्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत माझ्या हातातली जड पिशवी त्याने मागितली, आणि मी ती त्याला दिली.